अठ्ठावन्न बदललेली उत्तरं

मला हे काम देऊ नकोस, असं मी तेजस्विनीला दोनदा सांगितलं होतं. एकदा फोनवर आणि एकदा ती पंचवटीत घरी आली तेव्हा. दोन्ही वेळा तिनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या वेळी टेबलावरचं माझं चष्म्याचं घर उचलून माझ्या खिशात घातलं. "चला काका, रिक्षा थांबवलीय," म्हणाली.

मी चौतीस वर्षं वाचनालयात पुस्तकांची सूची केली. कोणतं पुस्तक कोणत्या विषयाखाली लावायचं, कोणत्या शब्दापुढे 'हेही पाहा' लिहायचं, एवढंच माझं काम. तेजस्विनी निफाडची. इंजिनिअरिंगला असताना आमच्या अभ्यासिकेत येऊन बसायची, तिथली आमची ओळख. पण सॉफ्टवेअरच्या कंपनीत सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं काय काम, ते मला कळेना.

रिक्षात तिनं समजावलं ते असं. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतली त्यांची कंपनी द्राक्षांच्या पॅकहाऊसना आणि कोल्ड स्टोरेजना सॉफ्टवेअर पुरवते. किती क्रेट आले, वजन किती भरलं, कोणत्या खोलीत तापमान किती, कोणत्या कंटेनरमधून माल गेला, हे सगळं त्यात नोंदलं जातं. बारा वर्षांत ते सॉफ्टवेअर वाढत वाढत चौदाशे फाइलींचं झालं होतं. पॅकहाऊसमधून रोज तक्रारी येत. 'काटा धरत नाय.' 'पावती दोनदा निघती.' 'कालपासून लय हळू हाय.' अशी तक्रार आली की चौदाशेंपैकी कोणती फाइल उघडून दुरुस्ती करायची, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याचं नाव बुद्धभूषण. आणि बुद्धभूषण फेब्रुवारीअखेर नोकरी सोडून पुण्याला जाणार होता.

त्याच्या जागी तेजस्विनी एक शोधयंत्र तयार करत होती. यंत्र म्हणजे वेगळी पेटी नव्हे, तोही एक प्रोग्रामच. तक्रारीतले शब्द घ्यायचे, चौदाशे फाइलींमधल्या शब्दांशी ताडून पाहायचे, आणि दोष ज्यांत असण्याचा संभव जास्त अशा दहा फाइली क्रमानं दाखवायच्या. जो शब्द सगळ्याच फाइलींत असतो त्याला किंमत कमी. जो मोजक्या फाइलींत असतो त्याला जास्त. एवढं मात्र मला चटकन पटलं. नावात 'परिचय' असलेली पुस्तकं आमच्याकडे कपाटं भरून होती. त्या शब्दावरून कुणाला कधी काही सापडलं नाही.

अडचण अशी की फाइलींतला मजकूर इंग्रजी आणि तोही आखडून लिहिलेला, आणि तक्रारी निफाड-विंचूरकडच्या बोलीतल्या. काटा म्हणजे वजन, हे यंत्राला कुठून कळणार. अशा शब्दांच्या जोड्या लावून देणं हे माझं पहिलं काम होतं. ते पंधरा दिवसांत झालं, आणि मला बरंही वाटलं.

दुसरं काम मोठं होतं. तिनं तीनशे जुन्या तक्रारी निवडल्या होत्या. त्यातली प्रत्येक तक्रार अखेर कोणत्या फाइलीत दुरुस्त झाली, ते दुरुस्तीच्या जुन्या नोंदी वाचून मी लिहायचं.

"ही आपली उत्तरसूची, काका," ती म्हणाली. "यंत्र काय सांगतं ते हिच्याशी ताडायचं. तीनशेपैकी दोनशे चाळीस तक्रारींत बरोबर फाइल पहिल्या दहात आली, तर विश्वेश सर यंत्र कामाला लावणार आणि मला कायम करणार. नाहीतर मार्चमध्ये माझे कराराचे सहा महिने संपतात."

"मग?"

"मग बंगळूर. नाहीतर निफाड. निफाडला गेले की पपा महिन्याभरात लग्न उरकतील. मुलगा बघून ठेवलाय. त्याचा बेदाण्याचा शेड आहे." ती हसली, आणि तक्रारींचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

मला टेबल मिळालं ते बुद्धभूषणच्या शेजारचं. तिशी-पस्तिशीचा माणूस, कानात सतत एक हेडफोन, दुसरा कान जगासाठी मोकळा. त्याच्या दुरुस्तीच्या नोंदी मी वाचायला घेतल्या. बहुतेक ठिकाणी 'झालं' एवढंच लिहिलेलं होतं. काही ठिकाणी 'बघितलं'. त्याला विचारायला मला संकोच वाटायचा. सकाळपासून मनात वाक्य जुळवून ठेवायचो आणि चार वाजताच्या चहाला म्हणायचो.

"ही एकोणीस सालची आहे. 'पावतीवर शेतकऱ्याचं नाव निम्मंच येतं.' तुम्ही खाली नुसतं 'झालं' लिहिलंय."

"मग झालंच असेल, काका."

"कोणत्या फाइलीत झालं?"

"काल डब्यात काय होतं ते मला आठवत नाही आणि तुम्ही एकोणीस सालचं विचारताय." त्यानं चहाचा घोट घेतला. "छपाईच्या फाइलीत असेल. किंवा नोंदणीच्या. छपाईच लिहा."

मी छपाई लिहिलं. एका पुस्तकाला एकच जागा, ही आमची सवय. प्रत्येक तक्रारीसाठी एक कार्ड, कार्डावर पेन्सिलीनं एक उत्तर, आणि संध्याकाळी ते उत्तर संगणकावरच्या तक्त्यात भरायचं. जानेवारीच्या शेवटी तीनशे कार्डं झाली. तीनशेपैकी किती बरोबर असतील असं मी मनाशी विचारलं, तेव्हा दीडशेच्या वर आकडा म्हणायला मन धजेना.

पहिली चाचणी झाली. तीनशेपैकी एकशे अठ्ठ्याहत्तर. तेजस्विनीचा चेहरा उतरला. तिनं न जुळलेल्या सगळ्या तक्रारी छापून माझ्यापुढे ठेवल्या. डाव्या बाजूला माझं उत्तर, उजवीकडे यंत्रानं क्रमानं दाखवलेल्या दहा फाइली.

"कुठं चुकतंय ते जरा बघा, काका," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून निघून गेली.

ती यंत्राबद्दल बोलत होती. मला ते माझ्याबद्दल वाटलं.

पहिलीच तक्रार होती, 'गाडी बाहेर गेली तरी आत दाखवतंय.' मी उत्तर लिहिलं होतं गेटच्या नोंदीची फाइल. यंत्राच्या यादीत पहिली होती कंटेनरची. मी विचार केला, बाहेर जाणारी गाडी म्हणजे कंटेनरच की. हे मला कसं सुचलं नाही? खाली बुद्धभूषणची नोंद होती, 'झालं.' मी पुन्हा गेटची फाइल पाहिली, पुन्हा कंटेनरची पाहिली. दोन्हींतला मजकूर मला सारखाच अगम्य होता.

आमचं घराणं त्र्यंबकेश्वरचं, तीर्थोपाध्यायांचं. वडिलांकडे यजमानांच्या वह्या होत्या. यात्रेकरू आला की वडील आधी गाव विचारत, मग आडनाव, आणि कपाटातून नेमकी वही काढून त्याला त्याच्या पणजोबांची नोंद दाखवत. एकदा वऱ्हाडातले एक गृहस्थ म्हणाले, माझ्या पणजोबांचं नाव आत्माराम. वहीत मोतीराम होतं. वडील म्हणाले, माणूस विसरतो, वही विसरत नाही. ते गृहस्थ मोतीरामाच्या नावानं पिंड देऊन गेले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. स्टँडवर उभं राहून यात्रेकरूंना हाका मारणं मला पुढे कधी जमलं नाही, म्हणून वह्या चुलतभावाकडे गेल्या आणि मी नाशिकला वाचनालयात आलो. पण वडिलांचं ते वाक्य माझ्या अंगात राहिलं. छापलेला कागद समोर आला की मी आधी स्वतःला तपासतो.

मी गेट खोडरबरानं पुसलं आणि कंटेनर लिहिलं. तक्त्यातही तसं केलं.

यंत्राचं उत्तर अगदीच अशक्य वाटलं तिथे मी हात लावला नाही. जिथे ते शक्य वाटलं, तिथे मला माझंच चुकलं असं वाटत गेलं. मी फसवत नव्हतो. निदान तेव्हा तरी तसं वाटत नव्हतं. उलट तेजस्विनीला आपल्याकडून चुकीची सूची जाऊ नये, म्हणून मी दुपारचा डबासुद्धा उशिरा खाल्ला.

पुढच्या आठवड्यातल्या चाचणीत आकडा दोनशे तीनवर गेला.

"मी तर फक्त 'हाय', 'नाय', 'लय' असले शब्द गाळले," तेजस्विनी पडद्याकडे बघत म्हणाली. "एवढ्यानं पंचवीस कसे वाढतील?"

"वाढले ना?" बुद्धभूषण म्हणाला. "मग गप बस. कमी झाले की कारण शोधायचं. वाढले की वडा मागवायचा."

तिनं पुन्हा न जुळलेल्या तक्रारी छापून दिल्या. मी पुन्हा बसलो. त्यानंतर आकडा दोनशे एकोणतीस झाला, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी दोनशे अठ्ठेचाळीस. आपण सुधारतोय, असं मला वाटत होतं. म्हणजे यंत्र आणि मी, दोघंही.

त्या शुक्रवारी कंपनीचे मालक विश्वेश यांनी सगळ्यांना मिसळ खायला नेलं. चाळिशीतला शांत माणूस, बोलताना आधी समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारा. सोमवारी ते सगळ्या पॅकहाऊसना कळवणार होते, की एक मार्चपासून तक्रारी यंत्र बघेल. बुद्धभूषणच्या जागी माणूस घ्यायचा नाही, हेही ठरलं होतं.

"एक विचारायचं राहिलं," ते तेजस्विनीला म्हणाले. "ही उत्तरं यंत्राला आधी दाखवली नव्हतीस ना? आमच्या शाळेत एक सर होते. पोरांचे पेपर आधी बघायचे आणि मग ठरवायचे बरोबर उत्तर काय. सगळा वर्ग पास."

सगळे हसले. तेजस्विनीही हसली. "नाही सर. काकांनी एकट्यानं केलीय सूची. यंत्राचं काही न बघता."

विश्वेश माझ्याकडे बघून मानेनं 'छान' म्हणाले. माझ्या हातात पाव होता. तो मी रश्श्यात बुडवला आणि तसाच धरून बसलो. मी काय केलं होतं ते त्या सरांसारखं होतं का? त्यांनी पोरांना पास करायचं म्हणून केलं. मी स्वतःला नापास करून घेत होतो. दोन्हींचा परिणाम एकच कसा झाला, ते मला तिथे बसून लक्षात येईना. आणि माझी काही उत्तरं खरोखरच चुकली असतील, तर ती बदलणं चूक कसं? ताटातली मिसळ संपली तरी माझा हिशेब जुळला नव्हता.

घरी बायकोला, गोदावरीला, सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती. मी दोन्ही बाजू मांडल्या, मग पुन्हा पहिली बाजू मांडली.

"तुम्हाला पोळी कच्ची लागली तरी तुम्ही म्हणाल, माझीच जीभ बिघडलीय," ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं बघतेय."

"पण यात माझं चुकलं का?"

"मला त्या फाइलींतलं काय कळतंय. पण ती पोर तुमच्यादेखत म्हणाली, काही न बघता केलंय. आणि तुम्ही पाव धरून बसलात. ते चुकलं."

शनिवारी अर्धा दिवस काम असे. तेजस्विनी आली तेव्हा मी तिच्या टेबलापाशी उभा होतो. तिनं केसांची क्लिप काढून पुन्हा लावेपर्यंत थांबलो.

"ती सूची," मी म्हणालो. "त्यातली काही उत्तरं मी बदलली."

"टायपिंगच्या चुका ना? बरं केलंत."

"नाही. यंत्राचं बघून बदलली. तू कागद दिलेस त्यानंतर. तिन्ही वेळा."

तिला लगेच कळलं नाही. मग कळलं. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"किती बदलली?"

"मोजली नाहीत. आणि पेन्सिलीचं होतं, ते मी पुसलंय. आता आधीचं काय होतं ते..."

ती संगणकाकडे वळली. दोन-तीन ठिकाणी दाबलं, आणि माझा तक्ता पडद्यावर आला, पण जुना. उजव्या बाजूला एक यादी होती. कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, कोणत्या चौकटीत, कुणी काय बदललं. प्रत्येक ओळीपुढे माझं नाव होतं, गायधनी, गायधनी, गायधनी. मी खोडलेलं सगळं तिथे जसंच्या तसं होतं. हे असं जपून ठेवलं जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. तिला मोजायला अर्धं मिनिट लागलं. "लय झालं हे, काका."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून निफाडची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

तिनं यादी वरपर्यंत सरकवत नेली. मग म्हणाली, "मीच बघायला पाहिजे होतं. पंचवीस वाढले तेव्हाच. आकडा वर जात होता म्हणून बघितलं नाही."

"जुनी उत्तरं परत घाल," मी म्हणालो.

"घालते." तिनं एक चौकट उघडली. मग दुसरी. "पण ही बघा. इथं मला यंत्राचंच बरोबर वाटतंय."

"मग ते राहू दे."

"आणि हे तुमचं बरोबर वाटतंय."

"मग ते परत घाल."

"काका, असं मला वाटेल तसं घालत गेले, तर तुम्ही केलं त्यात आणि मी करेन त्यात फरक काय?"

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"मी गप्प बसले तर कुणालाच कळणार नाही," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "सोमवारी पत्रं जातील. मी कायम होईन. चुकलं तर एप्रिलमध्ये चुकेल, आणि तेव्हा म्हणता येईल की यंत्र आहे, चुकतं कधीकधी."

ती मला विचारत होती की स्वतःला, हे मला समजलं नाही. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. एप्रिलमध्ये कुणाचा तरी कंटेनर मालासकट उन्हात उभा राहील, एवढं जरी म्हणालो असतो. तेही सुचलं ते नंतर, बसमध्ये. तेव्हा मी फक्त उभा राहिलो. मग तिनं खुर्ची मागे सारली आणि ती बुद्धभूषणकडे गेली.

तिनं अठ्ठावन्न तक्रारींचा नवा कागद काढला होता. प्रत्येक तक्रारीखाली दोन फाइलींची नावं. एक माझं उत्तर, एक यंत्राचं. कधी माझं आधी, कधी यंत्राचं आधी, सरमिसळ करून.

"यातली बरोबर कोणती, ते सांगायचं," ती म्हणाली. "कोणतं कुणाचं ते विचारायचं नाही."

"शनिवारी पकडलंत मला," बुद्धभूषण म्हणाला. "कुणाकुणाचं आहे हे?"

"काकांचं आणि यंत्राचं."

"अच्छा, स्वयंवर." त्यानं कानातला हेडफोन काढला. ते मी त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहत होतो.

तो सगळे घरी गेल्यावरही चार वाजेपर्यंत बसला. फाइली उघडत होता, जुन्या प्रती बघत होता, मध्येच कपाळ चोळत होता. गाडी बाहेर गेली तरी आत दाखवतंय, ही तक्रार आली तेव्हा तो थांबला.

"हे दोन्ही बरोबर आहे. आधी मी गेटमध्ये बदल केला. त्यानं कंटेनर बिघडला. मग कंटेनरमध्ये केला."

"दोन्ही कसं?" मी विचारलं. "एकच उत्तर असायला हवं ना?"

"कुणी सांगितलं?"

मी तेजस्विनीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मी गृहीत धरलं होतं आणि तिनं तक्त्यात एकच चौकट ठेवली होती.

शेवटी कागदावर असं निघालं. एकवीस ठिकाणी माझं आधीचं उत्तर बरोबर. सतरा ठिकाणी यंत्राचं. आठ ठिकाणी दोन्ही. आणि बारा ठिकाणी बुद्धभूषणनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"ही बारा मला खरंच आठवत नाहीत," तो म्हणाला. "केलंय मीच. पण कुठं केलंय ते नाही आठवत."

"फाइलींच्या जुन्या प्रतींत दिसेल की," तेजस्विनी म्हणाली.

"सतरा सालापर्यंत जुन्या प्रती ठेवतच नव्हतो. त्याआधीचं सगळं इथं," त्यानं डोक्याला बोट लावलं, "आणि इथं आता हे असं आहे."

एकवीस हा आकडा ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, मग सतराचं काय? आणि ज्या अडीचशेच्या आसपास तक्रारींना मी हातच लावला नाही, त्यात माझं किती चुकलं असेल? त्यातल्या बहुतेक ठिकाणी यंत्राचं माझ्याशी जुळलं म्हणून कुणी पाहिलं नाही. दोघंही एकाच ठिकाणी चुकलो असलो तर ते कसं कळणार? मी हे तेजस्विनीला विचारलं. ती म्हणाली, "काका, आज नका."

सोमवारी आम्ही तिघं विश्वेशांच्या खोलीत गेलो. मी दाराजवळ उभा राहिलो.

"दोनशे पंधरा," तेजस्विनी म्हणाली. "दोनशे अठ्ठ्याऐंशीपैकी. बारा तक्रारी बाजूला काढल्यात. त्यांचं उत्तर कुणालाच माहीत नाही."

"शुक्रवारी दोनशे अठ्ठेचाळीस होते."

"हो सर. सूचीतली काही उत्तरं यंत्राचं बघून बदलली गेली होती. माझं लक्ष नव्हतं."

बदलली गेली होती, असं ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. मला वाटलं, दुसरं कुणीतरी आता बोलेल. मग माझा स्वतःचाच आवाज मला ऐकू आला. "मी बदलली."

विश्वेश माझ्याकडे वळले. "का?"

"मला वाटलं, माझंच चुकलं असेल."

"अठ्ठावन्न वेळा?"

"प्रत्येक वेळी वेगळं वाटलं," मी म्हणालो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मी काय बोललो ते त्यांना कळलं का, कोण जाणे. मलाच ते पूर्ण कळलं नव्हतं.

त्यांनी कागद हातात घेतला. "ऐंशी टक्के म्हणालो होतो मी. हे पंचाहत्तरलाही जरा कमी आहे." मग बुद्धभूषणकडे पाहिलं. "तू जाणारच आहेस?"

"जाणारच."

"तू दिलेली ही उत्तरं किती खरी धरायची?"

बुद्धभूषणनं खांदे उडवले. "बारा आठवली नाहीत ते सांगितलं. बाकीची आठवली असं वाटलं."

"वाटलं."

"वाटलं, सर. खोटं कशाला बोलू."

विश्वेश खुर्चीत मागे टेकले. इतका वेळ शांत असलेला तो माणूस आता आमच्यासारखाच गोंधळलेला दिसत होता. समोर तीन माणसं आणि एक यंत्र, आणि कुणाचाच भरवसा धरता येत नव्हता. तेजस्विनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"पत्रं पाठवत नाही," ते शेवटी म्हणाले. "आणि तेजस्विनी, तुला कायमही करत नाही. सीझन संपेपर्यंत, मेअखेर, ठेवतो. यंत्र दहा फाइली दाखवेल, उघडायची कोणती ते माणूस ठरवेल. तू ठरवायचंस. आणि सूची नवी करायची. दोघांनी वेगवेगळी. यंत्राचं बघायचं नाही, एकमेकांचंही बघायचं नाही. दोघांचं किती ठिकाणी जमत नाही, तो आकडा मला हवा. एका तक्रारीला दोन उत्तरं असली तर दोन लिहा."

"दोघं कोण?" तेजस्विनीनं विचारलं.

"बुद्धभूषण, जाईपर्यंत. आणि काका."

"मी नको," मी म्हणालो. "माझ्यामुळेच हे..."

"दुसरं आहे कोण?" विश्वेश म्हणाले, आणि फोन उचलला. म्हणजे आम्ही जायचं होतं.

जिन्यात तेजस्विनी माझ्यापुढे चालत होती. मी म्हणालो, "मी आधीच नको म्हणालो होतो." ते वाक्य वाईट होतं, बोलल्यावर लक्षात आलं. ती थांबली नाही. तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी आकडे पुन्हा मांडून पाहत होतो. मी काही बदललं नसतं, तर तिची शेवटची चाचणी एकशे नव्वदवर थांबली असती आणि ती मार्चमध्ये गेली असती. मी बदलून गप्प राहिलो असतो, तर ती कायम झाली असती. मी बदललं आणि सांगितलं, तर तिला मेपर्यंतचे तीन महिने मिळाले. यातून मी तिचं भलं केलं की वाईट, हे गोदावरीलाही सांगता आलं नाही. ती म्हणाली, "तीन महिने म्हणजे तीन महिने. जेवा आता."

गुरुवारी दुपारी तेजस्विनी एक चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलापाशी आली. निफाडजवळच्या एका पॅकहाऊसची तक्रार तासाभरापूर्वी आली होती. 'थंड खोलीचं तापमान कालचंच दाखवतंय.' तिथे माल भरलेला होता.

"यंत्राचं मी बघितलंय," ती म्हणाली. "बुद्धभूषणला विचारलंय. आता तुम्ही लिहा."

मी वाचलं. तापमानाची फाइल असं पहिल्यांदा मनात आलं. मग वाटलं, तापमान चुकीचं नाही, ते कालचं आहे. कालचं म्हणजे तारीख. तारखेची फाइल वेगळी होती, जोड्या लावताना ती माझ्या नजरेखालून गेली होती. पण इतकं सरळ असतं तर कुणी मला कशाला विचारलं असतं? दोन उत्तरं लिहायची मुभा होती. दोन्ही लिहावीत का? दोन्ही लिहिली तर ते खरं असेल म्हणून, की मला भीती वाटते म्हणून? ती उभीच होती. पॅकहाऊसवाल्याचा फोन तिच्या हातात वाजत होता आणि ती तो घेत नव्हती.

मी एकच लिहिलं. तारखेची फाइल.

तिनं चिठ्ठी उचलली, वाचली. तिच्या भुवया किंचित हलल्या. ते जुळलं म्हणून की जुळलं नाही म्हणून, मला सांगता येणार नाही.

"बरोबर आहे का?" मी विचारलं.

"सांगणार नाही, काका," ती म्हणाली, पण आवाज जरा पूर्वीसारखा होता. मग फोन कानाला लावून आपल्या टेबलाकडे गेली. "हो दादा, बघतोय आम्ही. माल आत आहे ना? दार उघडू नका."

ती फाइल उघडत होती. कोणती, ते माझ्या जागेवरून दिसत नव्हतं. चिठ्ठी परत मागावी असं मला वाटलं. मी उठलो, कूलरपाशी जाऊन पाण्याचा ग्लास भरला, आणि परत येऊन बसलो.